मे महिन्याच्या उन्हात तरुण पोरं चंद्रपूरला कशाला जातात?

मे महिना आला की अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड असो की घाटकोपर, सोसायटीच्या गेटवर समर कॅम्पचे बोर्ड लागतात. स्केटिंग, रोबोटिक्स, पोहणं. पण महाराष्ट्रात एक शिबिर असंही आहे, ज्यासाठी मुंबई-पुण्याची पोरं रात्रभर रेल्वेने प्रवास करून चंद्रपूर जिल्ह्यात पोहोचतात. तिथे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हातात कुदळ-फावडं येतं.

हीच ती सोमनाथची श्रमसंस्कार छावणी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाबा आमटेंनी ती सुरू केली. १५ ते २२ मे हा तिचा ठरलेला आठवडा.

आता हे सोमनाथ म्हणजे काय?

बाबांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. पुढे मूल तालुक्यात, ताडोबाच्या जंगलापासून जवळच सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. कुष्ठरोगातून बरे झालेले लोक तिथे गेले. झाडोरा काढला, बांध घातले आणि त्या जमिनीत भात पिकवला. बाबांचं म्हणणं साधं होतं: भीक माणसाला दुबळं करते, काम त्याला उभं करतं.

छावणीचा दिनक्रमही त्याच विचारातून आला. पहाटे उठायचं आणि ऊन चढायच्या आत श्रमदान उरकायचं. बांधबंदिस्ती, खोदकाम, दगड वाहणं, जे त्या वर्षी गरजेचं असेल ते. दुपारी व्याख्यानं आणि गटचर्चा, संध्याकाळी गाणी. एका रांगेत उभं राहून घमेली पुढे सरकवताना कोण कुठल्या जातीचा, कोणाचे वडील काय करतात, हे प्रश्न मागे पडतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. पोरं घरून निघतात ती ‘कुष्ठरुग्णांना मदत करायला’. तिथे पोहोचल्यावर कळतं, यजमान तेच आहेत. जमीन त्यांनी कसलेली आणि भात त्यांनी पिकवलेला. बोटं झडलेल्या हातांचा माणूस शहरातल्या पोराला फावडं कसं धरायचं ते शिकवतो.

छावणी सुरू झाली तेव्हा ही लहान गोष्ट नव्हती. कुष्ठरुग्णाच्या हातचं पाणी पिणंही लोक टाळत. हा आजार आनुवंशिक नाही आणि औषधांनी पूर्ण बरा होतो. एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देण्याची बहुविध उपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकातच सुचवली. तरीही आपल्याकडे कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात राहिलं आणि ते काढायला २०१९ उजाडलं. म्हणजे औषध मिळालं, पण मनातली भीती मागे राहिली. त्या भीतीवर छावणीचा उपाय म्हणजे एकत्र राबणं आणि एका पंगतीत जेवणं.

अशा श्रमशिबिरांची परंपरा जगातही आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने फ्रान्समधलं उद्ध्वस्त गाव उभारायला वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक नेले. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. तिचे तरुण १९५०च्या दशकात आनंदवनातही आले आणि बांधकामाला हात लावून गेले.

सोमनाथचा विचार पुढे रस्त्यावरही उतरला. १९८५ मध्ये बाबांनी ‘भारत जोडो’ यात्रा काढली, कन्याकुमारी ते काश्मीर. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नव्हतं. ते गाडीत आडवे पडून प्रवास करत होते आणि सोबत सायकलींवर तरुण मुलं-मुली होती.

२००८ मध्ये बाबा गेले, पण छावणी थांबली नाही. शिबिर संपलं की अनेक जण आनंदवन किंवा हेमलकसा बघायला जातात. १९७३ पासून तिथे लोकबिरादरी प्रकल्प आदिवासींसाठी काम करतोय.

तुम्हालाही जायचं असेल तर आधी महारोगी सेवा समितीकडे चौकशी करा. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. पहिल्या दोन दिवसांत तळहाताला फोड येतील, तेव्हा फावडं कसं धरायचं ते तिथल्या माणसांनाच विचारा.