घारीच्या पोटात राजधानीचे नाव

लालबर्र्याच्या बाजारावर दुपारच्या वेळी एखादी घार घिरट्या घालीत नाही, असा दिवस सहसा जात नाही. खाटकाच्या ओट्याजवळ पडलेला तुकडा अलगद उचलून नेणारा हा पक्षी इतक्या परिचयाचा आहे की, त्याच्याविषयी भाषण करावे असे कोणाच्या मनात येत नाही. परंतु याच जातीच्या एका घारीने जर्मनीतील जंतुशास्त्रज्ञांना विचारात पाडले. त्या रानघारीच्या शरीरात साल्मोनेला नावाचे जंतू मिळाले आणि २०१३ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. रुग्णालयात इतर औषधे हरली म्हणजे शिरेतून जी कार्बापेनेम वर्गाची औषधे देतात, त्यांना निष्प्रभ करणारे जनुक या जंतूंजवळ होते. त्या जनुकाचे नाव एनडीएम-१ असे आहे. यातील पहिली दोन अक्षरे नवी दिल्लीची आहेत.

हे नाव कसे पडले तेही सांगावयास हवे. भारतीय वंशाचा एक स्वीडिश रुग्ण दिल्लीच्या रुग्णालयात उपचार घेऊन स्वदेशी परतला. त्याच्या शरीरातील जंतूंत हे जनुक प्रथम ओळखले गेले आणि २००९ साली ते प्रसिद्धीस आले. आपल्या राजधानीचे नाव रोगाला चिकटवले म्हणून आपल्याकडे पुष्कळ रोष झाला, आणि तो अगदीच अनाठायी होता असे मला वाटत नाही. तथापि २०११ साली दिल्लीतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंत ते जनुक आढळले. मग नावाचा वाद बाजूस पडला आणि पाण्याचा प्रश्न उभा राहिला.

जर्मनीतील ती घार दिल्लीहून उडत गेली असे मात्र कोणी समजू नये. युरोपातील घारी हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातात. जनुक तिच्यापर्यंत पोहोचले ते माणसे, माल, पाणी आणि जंतू यांच्या न दिसणाऱ्या वाटांनी.

हा विषय वर्गात निघाला म्हणजे एखादा तरी मुलगा विचारतोच, "पण गुरुजी, घारीला ताप आला म्हणून गोळी कोणी दिली?" मोठ्या मोठ्या ग्रंथांत जो प्रश्न पानेच्या पाने चर्चिला जातो, तो हाच होय. रानातल्या पाखराला कोणी औषध देत नाही. मग औषधाला दाद न देणारे जंतू त्याच्या पोटात आले कोठून?

त्यासाठी जंतूंची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. लक्षावधी जंतूंमध्ये एखादा जन्मतःच औषध सोसणारा निघतो. औषध अपुरे दिले, की दुबळे मरतात, हा चिवट उरतो आणि मोकळ्या रानात त्याचाच वंश वाढतो. पेनिसिलिनचा शोध लावणारे फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात नेमका हाच धोका सांगितला होता. पण याहून चमत्कारिक गोष्ट १९५९ साली जपानात उघडकीस आली. हगवणीच्या जंतूंमधील औषध सोसण्याची शक्ती नुसत्या सहवासाने दुसऱ्या जातीच्या जंतूंना मिळते, असे तेथे दिसून आले. जंतूच्या मुख्य जनुकसाठ्याहून निराळी अशी एक बांगडीसारखी लहानशी साखळी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटून तिची नक्कल त्याला देऊन टाकतो. शेजारणीने शेजारणीला विरजण द्यावे, तसाच हा व्यवहार. देणारीचे काही कमी होत नाही. विरजणाने दही लागते, एवढाच काय तो फरक. एका बांगडीत चार-पाच औषधांवरचे उतारे एकत्र गुंफलेले असू शकतात.

असे जंतू रोग्याच्या मलातून गटारात जातात. कोंबड्यांच्या विष्ठेतून उकिरड्यावर आणि शेतात जातात. तेथे कावळा येतो, मैना येते, गायबगळा चिखलात चोच घालतो. त्यांचे अन्न तेच आणि पाणीही तेच. कोलिस्टिन या औषधाची गोष्ट या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. माणसांसाठी अगदी निर्वाणीच्या वेळी राखून ठेवलेले हे औषध कोंबड्या-डुकरांच्या वाढीसाठी खाद्यातून सर्रास दिले जात होते. २०१५ साली चीनमध्ये त्यावर मात करणारे आणि प्लाझ्मिडवरून फिरणारे जनुक सापडले. दुसऱ्याच वर्षी दक्षिण अमेरिकेच्या शेवटच्या टोकावरील कुरव पक्ष्यांतही ते असल्याचे जाहीर झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता या औषधावर बंदी घातली. उशीर झाला खरा, पण पाऊल योग्य पडले.

गटार आणि उकिरडा यांपासून दूर असलेली पाखरे तरी सुटली असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. २००५ साली सैबेरिया, अलास्का आणि ग्रीनलंड येथील ध्रुवप्रदेशांत ९७ पक्ष्यांचे नमुने घेण्यात आले. त्यांपैकी आठांत औषधांना दाद न देणारे जंतू निघाले. त्या बर्फात औषधाचे दुकान नाही आणि पोल्ट्रीही नाही. स्थलांतर करणाऱ्या पाखरांनी दूरच्या देशांतला हा अहेर तेथवर पोहोचवला असावा, असाच तर्क तज्ज्ञांनी केला.

म्हणून पाखरांवर दगड उचलावयाचा काय? १९५७ साली कर्नाटकातील क्यासानूरच्या रानात माकडे आणि माणसे एका तापाने मरू लागली. त्या तापाचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी नात्याचा निघाला, तेव्हा स्थलांतरी पक्ष्यांवर संशय गेला. डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा माग घेण्याचे मोठे कार्य १९५९ च्या सुमारास हाती घेतले. रोगाचे मूळ मात्र तेथल्याच रानातील गोचिडांत सापडले. त्या संशयाच्या निमित्ताने आपल्याला पक्ष्यांच्या प्रवासाचे ज्ञान झाले, हा लाभ निराळा.

आजच्या प्रश्नातही पाखरांचा वाटा बेताचाच आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज आहे. ते जंतू प्रामुख्याने माणसाकडून माणसाकडे, रुग्णालयांतून आणि अस्वच्छ पाण्यातून पसरतात. पाखरू हे आमच्या घाणीचे टिपण ठेवणारे कारकून म्हणावे. त्याची विष्ठा उचलून आणावी, त्याला इजा न करता तपासावी, की त्या भागातील गटारांत आणि उकिरड्यांवर काय चालले आहे ते कळते. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर कुरवांची अशीच तपासणी झाली आहे.

आपल्या बालाघाट-गोंदियाच्या धानपट्ट्यात वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर सारस अजून उरले आहेत. बांधीतल्या पाण्यातच ते खातात, तेथेच घरटी करतात. त्याच बांधीत आम्ही कोंबडीखत टाकतो आणि त्याच पाण्यात चिखलणी करताना आमचे पाय गुडघ्यापर्यंत बुडतात. पाकिटावर तांबडी उभी रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. १ मार्च २०१४ पासून यांतील अनेक औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने निराळ्या वहीत ठेवावी, असा नियमही आहे. कोंबडीखताबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ते ताजेच शेतात पसरू नये. काडीकचरा मिसळून त्याचा ढीग घालावा आणि ओल राखून अधूनमधून तो उलटावा. नीट रचलेला ढीग आतून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत पुष्कळसे रोगजंतू मरतात. ढिगात हात घालवत नाही इतका तो तापून पुढे आपणहून थंड झाला, म्हणजे खत बांधीत न्यावे. तोवर तो ढीग तलावापासून आणि विहिरीपासून दूर, झाकून ठेवावा. कावळे आणि बगळे त्यावर उतरणार नाहीत, असा.