‘कमांड नॉट फाउंड’ म्हणे!

जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या, व्हायवात धडाधड सांगितलेल्या कमांड ऐन वेळी मशीनने ओळखल्याच नाहीत. मग?

दिवाळीच्या सुट्टीत म्हसावदला घरी आलो होतो. शहाद्याहून धडगावला जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो. त्यामुळे फॉर्म, झेरॉक्स, प्रिंट, फोटो असल्या कामांसाठी सातपुड्यातल्या पाड्यांवरची पोरं खाली आमच्याकडे येतात. त्या दिवशी गावातल्या एका ऑनलाइन सेवा केंद्राबाहेर ही गर्दी होती. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

केंद्र चालवणारे दादा ओळखीचे. तीन कॉम्प्युटर आणि एक राउटर, एवढाच पसारा. आठवड्यापूर्वी जुना राउटर जळाला म्हणून नवा बसवलेला. दोन मशीन मस्त चालू. तिसरं, ज्याला प्रिंटर जोडलाय आणि ज्यात उबंटू टाकलेलं आहे, ते मात्र ठप्प.

‘‘काय व्हयनं, भाऊ? तू तर कॉम्प्युटरच शिकतोस ना?’’ दादांनी मलाच पकडलं.

कॉलर थोडी ताठ झाली. नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी मार्क होते. टर्मिनल उघडलं आणि टाइप केलं, ‘इफकॉन्फिग’. एंटर.

उत्तर आलं : कमांड नॉट फाउंड. वर सल्लाही, की हवी असेल तर ‘नेट-टूल्स’ नावाचं पॅकेज इन्स्टॉल करा.

आता गंमत बघा. नेट चालत नाही म्हणून ती कमांड हवी होती आणि ती कमांड मिळवायला नेट हवं होतं! मोबाईलचं हॉटस्पॉट लावून बघितलं, पण रेंजची एकच काडी, तीही येऊन-जाऊन. ‘राउट’, ‘नेटस्टॅट’, ‘एआरपी’, पाठ केलेली सगळी मंडळी एकेक करून टाकली. एकही हजर नाही. मागे रांगेत उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘दादा, आमची परतीची जीप चारला आहे.’’

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण नेटवर्किंग शिकलो नव्हतो. आपण कमांड पाठ केल्या होत्या.

म्हातारी मेली नाही, पण काळ सोकावलाय

मुळात हे झालं कसं? इफकॉन्फिगचा जन्म १९८३चा, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवरून निघालेल्या ‘बीएसडी ४.२’ या युनिक्समधला. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या आई-बाबांच्या शाळेच्या दिवसांतला. लिनक्सने ती कल्पना उचलली. इफकॉन्फिग, राउट, एआरपी, नेटस्टॅट असा सगळा संच ‘नेट-टूल्स’ या एका पॅकेजमध्ये मिळायचा.

तेव्हाचं चित्र साधं होतं. एक मशीन, एक नेटवर्क कार्ड, एक पत्ता. पुढे एकाच कार्डावर अनेक पत्ते आले, आयपीव्ही६ आलं, व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर आले. जानेवारी १९९९मध्ये लिनक्स कर्नल २.२ आलं, तेव्हा आतली नेटवर्किंगची मांडणी बरीचशी नव्याने केलेली होती. अलेक्सी कुझनेत्सोव्ह या रशियन प्रोग्रामरने त्या मांडणीला साजेसा नवा संच लिहिला, ‘आयपीराउट२’. त्यातली मुख्य कमांड फक्त दोन अक्षरांची : आयपी.

म्हणजे ज्याला आपण ‘नवीन’ म्हणतोय, तेही पंचवीस वर्षांपेक्षा जुनं आहे! नेट-टूल्सची मात्र २००१नंतर कित्येक वर्षं नवी आवृत्तीच आली नाही. मग लिनक्स वाटणाऱ्यांनी एकेक करून हात काढून घेतला. २०१४च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७च्या किमान इन्स्टॉलेशनमध्ये इफकॉन्फिग नव्हतं. २०१७च्या डेबियन ९ने आणि २०१८च्या उबंटू १८.०४ने तेच केलं. आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, तेव्हा तिथला बदल फिरून आपल्या दारी येतोच.

फक्त नाव बदललं का?

तसं असतं तर तक्रार नव्हती. पण फरक आत आहे.

एक उदाहरण. नव्या पद्धतीने एखाद्या कार्डाला दुसरा पत्ता दिला आणि त्याला वेगळं लेबल लावलं नाही, तर इफकॉन्फिग तो दाखवतच नाही. पहिला पत्ता दाखवतं आणि गप्प बसतं. म्हणजे मशीनवर दोन पत्ते चालू आहेत आणि तुम्ही छातीठोकपणे सांगताय, ‘एकच आहे’. कमांड चालली नाही तर निदान कळतं तरी. अर्धवट उत्तर जास्त महागात पडतं.

दुसरं, वेग. नेटस्टॅट कर्नलने मांडून ठेवलेल्या मजकुराच्या फायली ओळीओळीने वाचतं. ‘एसएस’ ही तिची जागा घेणारी कमांड ‘नेटलिंक’ नावाच्या वाटेने थेट कर्नललाच विचारते. घरच्या लॅपटॉपवर हा फरक जाणवणार नाही. हजारो कनेक्शन असलेल्या सर्व्हरवर तो चांगलाच जाणवतो.

तिसरं, स्क्रिप्ट. इफकॉन्फिगने छापलेल्या ओळीतून पत्ता कापून घेणाऱ्या स्क्रिप्ट पूर्वी सर्रास लिहिल्या जायच्या. पुढे त्या ओळीचं रूपच बदललं आणि कित्येक स्क्रिप्ट झोपल्या. आयपी कमांडला ‘हायफन जे’ लावलं की माहिती जेसॉनमध्ये मिळते. पायथॉनमध्ये ती वाचायला दोन ओळी पुरतात, कापाकापी नाही.

दुकानात पुढे काय झालं?

मला ‘आयपी’ नावाची काहीतरी कमांड असते एवढं अंधुक आठवत होतं. बाकी कोरं. पण एक गोष्ट सापडली आणि ती गावाकडच्या प्रत्येक पोरा-पोरीने लक्षात ठेवावी. लिनक्सची पुस्तिका मशीनमध्येच असते. ‘मॅन आयपी’ टाका, नेट नसतानाही उघडते. ‘आयपी राउट हेल्प’ टाका, नमुना समोर येतो. रेंज नको, रिचार्ज नको.

पाच मिनिटं वाचलं आणि तीन प्रश्न विचारले.

पहिला : माझा पत्ता काय? ‘आयपी’, स्पेस, ‘हायफन बीआर’, स्पेस, ‘ए’. प्रत्येक कार्डाची एकच ओळ. केबलचं कार्ड चालू होतं, पत्ता १९२.१६८.०.२०. म्हणजे वायर तुटलेली नाही, कार्डही शाबूत.

दुसरा : बाहेर जायची वाट कुठून? ‘आयपी’, स्पेस, ‘आर’. उत्तर : १९२.१६८.०.१ मार्गे.

तिसरा : तो शेजारी घरी आहे का? ‘आयपी नेबर’, हीच जुन्या एआरपीची जागा. त्या पत्त्यापुढे लिहिलं होतं ‘फेल्ड’. दार वाजवलं, कोणीच उघडलं नाही.

मग शेजारच्या विंडोज मशीनवर ‘आयपीकॉन्फिग’ टाकलं. तिथे गेटवे होता १९२.१६८.१.१. डोक्यात ट्यूब पेटली! प्रिंटरसाठी म्हणून या मशीनला कोणीतरी कायमचा पत्ता लावून ठेवला होता, तोही जुन्या राउटरच्या गल्लीतला. राउटर बदलला, गल्ली बदलली, हे बिचारं अजून जुन्याच दारावर टकटक करत होतं. बाकीची दोन मशीन राउटरकडून आपोआप पत्ता घेत होती, म्हणून ती सुटली.

‘आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड’ने नव्या गल्लीतला एक मोकळा पत्ता दिला, ‘आयपी राउट रिप्लेस’ने वाट बदलली. पिंग केलं, उत्तर आलं. मी ओरडलोच. पण साइट उघडेना! कारण नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएसही जुनाच लावलेला. ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने दाखवलं.

शिवाय आयपी कमांडने केलेला बदल मशीन रीस्टार्ट केलं की पुसला जातो, हेही पुस्तिकेतच कळलं. म्हणून कायमची दुरुस्ती ‘एनएमसीएलआय’ने केली. ही उबंटूच्या डेस्कटॉपवर नेटवर्क सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजरची कमांड. जुना पत्ता, जुना गेटवे, जुना डीएनएस पुसले आणि पद्धत ‘ऑटो’ करून टाकली. प्रिंटरसाठी पत्ता कायम हवा होता, तो दुसऱ्या दिवशी राउटरमध्येच राखून ठेवला. काम तेच, जागा बरोबर.

साडेतीनला त्या मुलीच्या फॉर्मची प्रिंट निघाली. जीप मिळाली.

मग जुनं सगळं विसरायचं?

नाही. मॅकवर आणि बीएसडीवर आजही इफकॉन्फिगच चालतं. छोट्या राउटरमध्ये ‘बिझीबॉक्स’ नावाची आटोपशीर पेटी असते, तिथेही ते भेटतं. दहा वर्षं जुन्या सर्व्हरवर काम करायची वेळ आली तर हेच हाताशी असेल. परीक्षेत विचारलं तर लिहावंच लागेल. मार्क घालवू नका!

पण नव्या मशीनवर बसल्या बसल्या नेट-टूल्स इन्स्टॉल करायची सवय मात्र सोडा. उद्या ज्या सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये काम कराल, तिथे ते पॅकेज टाकायची परवानगी असेलच असं नाही. आणि इंटरव्ह्यूत समोरच्याने काळी खिडकी उघडून ‘पत्ता दाखव’ म्हटलं, तर ‘सर, आधी एक पॅकेज टाकू का?’ असं म्हणणार आहात का?

बदल इथेच थांबणारा नाही. फायरवॉलसाठी आपण ‘आयपीटेबल्स’ शिकतो, पण जानेवारी २०१४च्या कर्नल ३.१३पासून ‘एनएफटेबल्स’ आलंय आणि २०१९च्या डेबियन १०ने तेच मूळ धरलंय. वायफायचं ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ जाऊन ‘आयडब्ल्यू’ आलं. ‘ईटीएच०’ हे पाठ झालेलं कार्डाचं नावसुद्धा नव्या मशीनवर ‘ईएनपी२एस०’सारखं दिसतं, कारण आता कार्ड मदरबोर्डवर कुठे बसलंय त्यावरून नाव ठरतं. प्रत्येक वेळी पाठांतर बदलत बसलात तर दमून जाल. प्रश्न मात्र तेच राहतात. पत्ता काय, वाट कुठली, शेजारी कोण, दार कोणतं उघडं. १९८३मध्येही तेच होते.

लॅब नाही? एका लॅपटॉपमध्ये दोन गावं वसवा

‘आमच्याकडे लॅबच नाही, सराव कुठे करू?’ हा प्रश्न मला जवळचा आहे. उत्तर आयपी कमांडमध्येच आहे. ‘आयपी नेटएनएस अ‍ॅड’ने एकाच लॅपटॉपमध्ये वेगळं नेटवर्क असलेली खोली तयार होते. अशा दोन खोल्या करा. मी त्यांची नावं शहादा आणि म्हसावद ठेवली. मग ‘व्हीईटीएच’ प्रकारची जोडी बनवा. ही दोन टोकांची न दिसणारी केबल. एक टोक एका खोलीत, दुसरं दुसऱ्या खोलीत. दोन्हींना पत्ते द्या, चालू करा आणि म्हसावदहून शहाद्याला पिंग करून बघा. मग मुद्दाम चुकीचा पत्ता द्या, पिंग बंद पाडा आणि कारण शोधा. खोली पुसली की सगळं साफ, तुमच्या खऱ्या नेटला धक्का नाही. यासाठी ‘सुडो’ लागेल, खर्च शून्य. आणि हो, हे जुन्या कमांडने करताच येत नाही.

सुट्टी संपवून कॉलेजला गेलो तेव्हा जर्नलच्या त्या पानावर पेन्सिलीने प्रत्येक जुन्या कमांडसमोर नवी लिहिली. सरांनी बघितलं, ‘‘हे सिलॅबसमध्ये नाही रे,’’ म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘पण पुढच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांना दाखव.’’

दाखवलं. तुम्हीही दाखवा.

कापून वहीत चिकटवा

• पत्ता बघायला : इफकॉन्फिगऐवजी ‘आयपी ए’, थोडक्यात हवं तर ‘आयपी हायफन बीआर ए’
• वाट बघायला : राउटऐवजी ‘आयपी आर’
• शेजारी बघायला : एआरपीऐवजी ‘आयपी नेबर’ (शेवटची अक्षरं एन-ई-आय-जी-एच)
• कार्ड चालू-बंद करायला : ‘आयपी लिंक सेट’, कार्डाचं नाव, मग ‘अप’ किंवा ‘डाउन’
• कोणता प्रोग्राम कोणता पोर्ट अडवून बसलाय : नेटस्टॅटऐवजी ‘एसएस’, स्पेस, हायफन, ‘टीएलएनपी’. प्रोजेक्ट रन करताना ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ आलं की हीच आठवा. दुसऱ्या युजरचे प्रोग्राम बघायचे तर आधी ‘सुडो’ लावा.
• केबलचा वेग बघायला : एमआयआय-टूलऐवजी ‘ईथटूल’
• वायफायसाठी : आयडब्ल्यूकॉन्फिगऐवजी ‘आयडब्ल्यू’
• बदल कायम ठेवायला : जिथे नेटवर्क मॅनेजर आहे तिथे ‘एनएमसीएलआय’
• काहीच आठवत नसेल तर : ‘मॅन आयपी’. नेट नसतानाही.

आणि एक ताकीद : दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करताना वाट किंवा पत्ता बदलण्याआधी दोनदा विचार करा. ज्या फांदीवर बसलाय तीच तोडाल!