कादंबऱ्या नकोत

गेल्या महिन्यात आमच्या वाचक मंडळाने हात वर करून ठरवलं, यापुढे कादंबऱ्या नकोत. 'उपयोगी' पुस्तकं वाचायची. सवयी, गुंतवणूक, वेळेचं नियोजन. माझा हात खालीच होता.

मंडळाची सुरुवातीची वर्षं हळदीकुंकू आणि इतिवृत्तं लिहिण्यात गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. रंग भरला तो नव्वदच्या दशकात, ना. सी. फडक्यांची 'दौलत' वाचायला घेतली तेव्हा. १९२९ची कादंबरी. ग्रंथालयात एकच प्रत, तीही पुठ्ठा सुटलेली. म्हणून एकीने मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी शेंगा सोलत ऐकायचं. प्रेमाचा प्रसंग आला की वाचणारीचा आवाज खाली जायचा, कारण पलीकडच्या खोलीत तिच्या सासूबाई. एकदा आतून सासूबाईच म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाच गं, नीट ऐकू येत नाही."

'प्रतिभासाधन'मध्ये कादंबरीचं तंत्र शिकवणारा हा माणूस. प्रकरण कुठे तोडायचं ते त्यांना बरोबर कळायचं. पुढच्या गुरुवारपर्यंत आमचे फोनवर तर्क चालत.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फडक्यांकडे तत्त्वज्ञान शिकलेल्या एक आजी मंडळात होत्या. फडक्यांनी कमला दीक्षितांशी दुसरं लग्न केलं तेव्हा गावात उठलेला गदारोळ त्या काल घडल्यासारखा सांगत. मग पुस्तक बाजूला राही आणि 'पहिल्या बायकोनं काय करायचं?' यावर संध्याकाळ सरे. घरातलं अवाक्षर बाहेर न काढणाऱ्या बायका 'नायिकेच्या जागी मी असते तर' असं म्हणत म्हणत स्वतःचंच सांगून जात. एकीने तिचं मोडलेलं लग्न तसंच सांगितलं. कुणी तिला पुढे काही विचारलं नाही.

मग कुणाला तरी एका प्राध्यापकांना व्याख्यानाला बोलावण्याची अवदसा आठवली. "'कोसला' १९६३ साली आली, तुम्ही अजून फडक्यांतच?" असं म्हणून त्यांनी हशा घेतला. पुढच्याच बैठकीत यादी बदलली. फडक्यांचे नायक गुळगुळीत असतात, त्यांना पोटापाण्याची चिंता नसते, हे आम्हाला का दिसत नव्हतं? 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा फडके-खांडेकर वाद आम्हीही वाचला होता. पण नव्या यादीवर बोलताना सगळ्या प्रस्तावना पाठ करून यायच्या. स्वतःचं कुणी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. शेंगाही बंद झाल्या. शोभत नाहीत म्हणे.

त्यानंतरची वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. अंगठे, फुलं, 'छान विवेचन ताई'. न वाचताच आलेलं विवेचन ओळखू येतं, पण बोलायची चोरी.

पुढच्या महिन्याचं पुस्तक पहाटे पाचला उठण्याचे फायदे सांगणारं आहे. मंडळात बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या. पाचला आम्ही उठलेल्याच असतो. पुढे दिवसभर करायचं काय, ते त्या लेखकाला विचारा.