भुजंगनाथानंतरचा जरठ नवरा

‘कुंकू’ (१९३७) म्हटले की शांता आपटे यांची नीरा आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्या चित्रपटाचा तोल ज्यांनी सांभाळला, त्या केशवराव दाते (१८८९–१९७१) यांच्या काकासाहेबांविषयी त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले आहे.

मराठी रंगभूमीला जरठ-कुमारी विवाह नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ मध्येच भुजंगनाथ उभा केला होता. त्याला हसावे आणि त्याचा धिक्कार करावा, एवढेच प्रेक्षकाचे काम. दाते याच रंगभूमीवर घडले. महाराष्ट्र नाटक मंडळीत आरंभी स्त्रीभूमिका, पुढे पुरुषभूमिका. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त काम करताना मात्र त्यांना टाळीच्या वाक्यांऐवजी घरात बोलावे तसे बोलायचे होते. चित्रपटात त्यांना जे पुढे उपयोगी पडले, ते बहुधा हेच.

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा ‘कुंकू’ शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताशिवाय केला. घड्याळाचे टोले, दारे-खिडक्या, रस्त्यावरचा गलका हेच त्याचे संगीत. नटाला सुरावटीचा आडोसा नाही. काकासाहेब वकील आहेत, विधुर आहेत, समाजसेवा करणारी त्यांची लेक नीरेहून मोठी आहे. दाते यांनी या माणसाला लंपट केले नाही की बिचाराही केले नाही. रागावतात तेव्हा ते घरचे कर्ते पुरुष असतात. नीरा नकार देते तेव्हा आपला हक्क कुठे चुकला, हेच त्यांना आधी कळत नाही. ते कळत जाणे, हीच खरी भूमिका. जुने घड्याळ आणि फुटका आरसा ही प्रतीके आज जरा ढोबळ वाटतात (मला तरी वाटतात), पण त्यांच्यासमोरचा दाते यांचा चेहरा ढोबळ नाही. काकासाहेबांना स्वतःचा अन्याय उमगला नसता, तर शेवटची आत्महत्या ही नुसती कथानकाची सोय ठरली असती.

मग ते मागे का पडले? एक कारण ‘प्रभात’च्या पद्धतीत सापडते. एकच कथा मराठी आणि हिंदी अशी दोनदा चित्रित होई, आणि कधीकधी नट बदलत. ‘अमृतमंथन’ (१९३४) हा कंपनी पुण्यात आल्यावरचा पहिला चित्रपट. त्यातल्या राजगुरूचा पडदाभर डोळा चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध झाला, पण तो हिंदीतल्या चंद्रमोहन यांचा. मराठीतले राजगुरू दाते होते. ‘शेजारी’त (१९४१) पुन्हा तेच घडले: मराठीत दाते यांचा जिवबा, तर ‘पडोसी’त त्याच जागी मझहर खान. ‘कुंकू’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या दोन्हींत मात्र काकासाहेब दातेच राहिले.