गिअरपेटीतले तांबडे तेल

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावकडील एका वाचकाने पत्राद्वारे एक पेच मांडला आहे. जुनी म्हणूनच विकत घेतलेली, क्लचचे पेडल नसलेली आणि आपले गिअर आपणच बदलणारी एक पिकअप गाडी त्यांच्याकडे आहे. तिच्या गिअरपेटीतले तेल आजवर कोणी बदलल्याची नोंद कोठेही सापडत नाही. आणि ते आता बदलावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. गाडीबरोबरची पुस्तिका म्हणते की हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेले आहे, सबब बदलण्याचे प्रयोजन नाही. मिस्त्री म्हणतो की तेल इतके जुने झाले आहे की त्याला हात लावाल तर चार दिवसांत गिअरपेटी बसेल. मौज अशी की दोघांचा निकाल एकच, पण एकाच्या मते तेल कधी बिघडतच नाही आणि दुसऱ्याच्या मते ते इतके बिघडले आहे की हलवण्याची सोय राहिलेली नाही. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. दोन्ही एकाच वेळी अपुरी असणे मात्र सहज शक्य आहे, आणि येथे तसेच झाले आहे.

गोंदिया जिल्ह्यात धानाची पोती गिरणीपर्यंत वाहून नेणाऱ्या पिकअप गाड्या बहुतांशी हाताने गिअर टाकण्याच्या असतात, आणि त्यांच्या गिअरपेटीतल्या तेलाचे कर्तव्य दात्यावर दाता घासू न देणे एवढेच असते. स्वयंचलित पेटीत तेलाची योग्यता निराळी आहे. तेथे इंजिनाला जोडलेले एक पात्यांचे चाक तेल परिघाकडे फेकते. ते तेल समोरच्या दुसऱ्या चाकाच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवते. आणि परतणाऱ्या प्रवाहाला मधले तिसरे, एकाच दिशेने फिरू शकणारे लहान चाक असे वळण देते की गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ सुमारे दुप्पट होऊन मागच्या चाकांकडे जातो. गाडीने वेग घेतल्यावर नव्या धाटणीच्या पेट्यांत ही दोन चाके एका क्लचने परस्परांशी जखडली जातात हे खरे, परंतु निघण्याच्या क्षणी, चढणीवर आणि गर्दीत त्या दोहोंच्या दरम्यान धातूचा एकही दुवा नसतो. त्या वेळी शक्ती वाहून नेणारा दांडा म्हणजे प्रत्यक्ष ते तेलच. ह्या रचनेला द्रवपरिवर्तक म्हणू.

ही कल्पना मोटारगाडीसाठी जन्मलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांत वाफेची टर्बाइने आली. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्याला तर काही शेकडा फेरेच मानवतात. शिवाय टर्बाइन उलट फिरत नाही आणि जहाजाला धक्क्याशी लागताना मागे सरकावे लागते. श्टेटिन येथील व्हल्कान जहाज-कारखान्यातील तरुण अभियंता हेरमान फ्योटिंगर ह्याने आधी विजेच्या मार्गाने ही अडचण सोडवता येते काय हे तपासले, तो मार्ग फार अवजड ठरेल असे पाहिले, आणि मग विचार केला की एक पंप पाणी ढकलील व ते पाणी नळातून जाऊन दुसरे टर्बाइन फिरवील. आता शक्तीचा नाश मुख्यतः नळांत होणार. तर मग नळच काढून टाकून पंप आणि टर्बाइन एकाच कोशात समोरासमोर का बसवू नयेत? 1905 मध्ये त्याने ह्याचे पेटंट घेतले. एखादी वस्तू वाढवून नव्हे, तर वगळून शोध लावणाऱ्या मनुष्याविषयी मला विशेष आदर वाटतो. पुढे थोड्याच वर्षांत दातेरी चाके सुधारली आणि जहाजांवरून त्याच्या यंत्राची गच्छंती झाली. पण रेल्वेने आणि मागाहून मोटारीने त्याला आश्रय दिला. 1939 मध्ये अमेरिकेत हायड्रामॅटिक ही गिअरपेटी बाजारात आली, तिच्या पोटात फ्योटिंगरचाच द्रवदुवा होता. जाहिरातींत त्याचे नाव मात्र कोठे नव्हते.

गोंदियाला ही विद्या अपरिचित आहे असे मानण्याचे कारण नाही. बंगाल-नागपूर रेल्वेने 1903 ते 1905 च्या सुमारास गोंदियापासून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत टाकलेल्या अडीच फुटी रुळांवर आधी वाफेची इंजिने धावली, आणि त्यांची सद्दी संपल्यावर सातपुड्याच्या ह्या नॅरोगेजवर जी झेडडीएम श्रेणीची डिझेल इंजिने आली, ती द्रवाच्याच माध्यमातून शक्ती चाकांना देणारी होती. ज्या गावात आज स्वयंचलित पिकअप ही अपूर्वाईची गोष्ट समजली जाते, त्याच गावच्या फलाटावर तेलाने ओढलेली गाडी दररोज येऊन उभी राहत असे, आणि प्रवाशांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

येथे विषय थोडा बाजूला ठेवून मनमोहन सुरी ह्या अभियंत्याविषयी लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. द्रवपरिवर्तकाचा दोष असा की तो निघताना जितका गुणकारी, तितकाच वेग आल्यावर उधळ्या. सुरी ह्यांनी रेल्वेच्या डिझेल इंजिनांकरिता द्रवगतिक आणि यांत्रिक अशा दोन्ही पद्धतींची सांगड घालणारी रचना सिद्ध केली, ती ‘सुरी ट्रान्समिशन’ ह्या नावाने ओळखली जाते, आणि चित्तरंजन कारखान्यात बांधलेल्या डब्ल्यूडीएस-4 जातीच्या शंटिंग इंजिनांत ती वापरली गेली. 1961 मध्ये त्यांना पद्मश्री आणि 1962 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यानंतर दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक असताना त्यांनी 1965 मध्ये देशी ट्रॅक्टरचा आराखडा हाती घेतला, तोच पुढे पंजाबात ‘स्वराज’ होऊन बाहेर पडला. रोवणीपूर्वी बांधीत चिखलणी करणारा स्वराज पाहणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल? परदेशी गिअरपेटीच्या प्रत्येक नव्या अवताराचे ढोल आपली वृत्तपत्रे आनंदाने बडवतात; सुरींसाठी एखादा रकाना खर्ची घालण्याची तजवीज कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही.

असो. तेलाचे दुसरे कर्तव्य ह्याहून नाजूक आहे. पेटीतील निरनिराळे गिअर पकडणाऱ्या क्लचच्या चकत्या ह्याच तेलात बुडालेल्या असतात, तेलाच्याच दाबाने त्या आवळल्या जातात, आणि त्यांनी पकड तर घ्यावी पण हिसका देऊ नये, असा तेलाकडून दुहेरी आग्रह असतो. म्हणजे एकाच द्रवाने निसरडे असावे आणि पुरेसे निसरडे नसावे. हा तोल साधण्यासाठी एकेकाळी त्यात स्पर्म व्हेल ह्या देवमाशाचे तेल मिसळत असत. 1970 मध्ये अमेरिकेने त्या प्राण्याला नामशेष होऊ घातलेल्यांच्या सूचीत घातले, आयात बंद झाली, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्यायांची धावाधाव करावी लागली. त्या शोधात राजस्थानच्या वाळूतही आता लागवड होणाऱ्या जोजोबा ह्या झुडपाच्या बियांचे तेल रचनेने देवमाशाच्या तेलाशी फार जवळचे असल्याचे महत्त्व ध्यानी आले. समुद्रातल्या अजस्र प्राण्याचा भार मरुभूमीतल्या झुडपाने उचलावा, ही गोष्ट मला कोणत्याही गिअरपेटीपेक्षा अधिक अद्भुत वाटते.

हा तोल राखणारी द्रव्ये उष्णतेने खर्ची पडतात. रसायनशास्त्रातला ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडीकरण सुमारे दुप्पट वेगाने होते. वैशाखात गोंदियाचा पारा 45 अंशांपाशी असताना, लादलेली गाडी देवरीच्या घाटरस्त्यावर धिम्या गतीने चढत असेल, तर आयुष्यभराचा वायदा करणाऱ्या पुस्तिकेने कोणाचे आयुष्य गृहीत धरले होते हे विचारणे भाग आहे. बहुधा ते हमीच्या मुदतीपलीकडे फार दूर जात नसावे.

मिस्त्रीच्या भयाला मात्र मी हसणार नाही. त्याचा निम्मा भाग कार्यकारणाची गफलत आहे: पेटी घसरू लागल्यावरच लोकांना तेलाची आठवण होते, आणि मग मरणाऱ्या पेटीच्या मृत्यूचा ठपका नव्या तेलावर बसतो. उरलेला निम्मा भाग समजण्यास ह्याच जिल्ह्यातला दाखला पुरेसा आहे. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेल्या तलावांची 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर निगा सुटली आणि त्यांत गाळ साचत गेला. गाळाने तलावाची धारणा कमी होते, परंतु तळाच्या चिकण थराने जमिनीतली झिरपही बुजलेली असते. एखाद्या उत्साही ठेकेदाराने यंत्र लावून सगळा थर एकाच हंगामात खरवडला, तर भरलेला तलाव पौषापूर्वी आटतो. जुन्या पेटीतही झिजलेल्या चकत्यांची भुकटी तेलात तरंगत थकलेल्या पकडीला काहीसा टेकू देत असते, आणि यंत्राच्या दाबाने सगळे तेल एका बैठकीत धुऊन काढले तर साचलेला मळ सुटून झडपांच्या अरुंद वाटांत अडकण्याची भीती असते. पण ह्यावरून कोणी तलाव गाळाने भरू द्यावा असे म्हणत नाही; गाळ बेताबेताने काढावा असे म्हणतो.

गिअरपेटीची रचनाच ह्या बेताला अनुकूल आहे. पेटीच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरचा नट उघडला असता सगळे तेल निघत नाही, पुष्कळसे परिवर्तकात अडकून राहते. समजा दर खेपेस दहातले चार भाग निघाले, तर पहिल्या बदलानंतर जुने तेल 60 टक्के, दुसऱ्यानंतर 36, आणि तिसऱ्यानंतर 22 टक्क्यांच्या आत उरते. मधल्या काळात काही शे किलोमीटर गाडी चालवावी. पहिल्याच खेपेस चेंबर खाली उतरवून गाळणी बदलावी आणि तळाचे लोहचुंबक पाहावे: त्यावर काजळीसारखी मऊ राख असणे वयाला धरून आहे, पण धातूचे कंगोरेदार तुकडे सापडले तर प्रश्न तेलाच्या हद्दीबाहेर गेला. तांबड्या रंगावर भिस्त ठेवू नये. तो रंग गळती कोणत्या तेलाची आहे हे ओळखता यावे म्हणून घातलेला असतो आणि तेल चांगले असतानाही उडतो. करपलेला वास अधिक प्रामाणिक साक्षीदार आहे. तेल मात्र पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रतीचेच हवे, कारण तो निसरडेपणाचा तोल प्रत्येक पेटीचा निराळा असतो. आणि पातळी सपाट जागेवर, नेमून दिलेल्या तापमानालाच पाहावी.

पत्रलेखकांची गाडी अजून न घसरता गिअर घेते असे त्यांनी लिहिले आहे, तेव्हा हा क्रम त्यांनी निर्धास्तपणे सुरू करावा. घसरत असती, तर मी त्यांना तेलाचे नव्हे, पेटी उघडण्याचे पैसे बाजूला ठेवण्यास सांगितले असते. काढलेले तेल डब्यात भरून अधिकृत भंगार-तेल घेणाऱ्याकडे द्यावे. बांधावर किंवा नाल्यात ओतू नये, 2016 च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते.