कोचेला: मैदान आणि पडदा
कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात, इंडिओ येथील पोलोच्या मैदानावर १९९९ साली सुरू झालेला कोचेला महोत्सव आरंभी प्रामुख्याने रॉक व इलेक्ट्रॉनिक संगीताचा होता; परंतु २०१८ मध्ये अमेरिकी पॉप गायिका बियॉन्सेने कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांतील बँडपरंपरेवर बेतलेला कार्यक्रम तेथे सादर केला आणि तो यूट्यूबवरून थेट दाखवला गेला, तेव्हा पॉप सादरीकरण मैदानाइतकेच पडद्यासाठीही रचले जाते, हे उघड झाले. याच पडद्यावर इन्फ्लुएन्सर, म्हणजे समाजमाध्यमांवरील अनुयायांच्या बळावर उत्पादनांची भलामण करून मोबदला मिळवणारी मंडळी, वावरतात, कपड्यांचे ब्रँड त्यांच्यासाठी मैदानाबाहेर वेगळ्या मेजवान्या भरवतात, त्यामुळे एकही गाणे न ऐकता महोत्सव ‘साजरा’ करता येतो. दुसरीकडे, मैदानावरचे संगीतही रॉक व इलेक्ट्रॉनिकच्या पलीकडे गेले आहे: पंजाबी गायक दिलजित दोसांझ २०२३ मध्ये तेथे पगडी आणि तंबा (लुंगीसारखे पंजाबी वस्त्र) अशा वेशात पंजाबीतच गायला.