मॉनिटर ‘गेला’ म्हणण्यापूर्वी

संगणक सुरू केला आणि मॉनिटरचा पडदा काळाच राहिला, की आपण निदान करून मोकळे होतो : ‘मॉनिटर गेला!’ मग त्यावर ‘बंद’ अशी चिठ्ठी चिकटते आणि शेजारच्या संगणकापुढची रांग वाढते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख असेल, तर ती चिठ्ठी किती महागात पडते हे घरी संगणक नसलेल्यांना सांगायला नको. वास्तविक काळ्या पडद्याची पुष्कळशी कारणे एक पैही खर्च न करता सापडतात. मी कला शाखेचा विद्यार्थी, विद्युत्‌शास्त्राचा नव्हे. पण वीज आणि चित्र पडद्यापर्यंत कोणत्या वाटेने येतात एवढे समजले, की वाट कुठे तुटली ते शोधता येते.

प्रथम एकच पाहावे : मॉनिटरच्या कडेचा बारीक दिवा लागतो काय? लागत नसेल तर बहुधा वीजच पोहोचत नाही. भिंतीवरचे बटण, एक्स्टेन्शन बोर्डाचे बटण आणि मॉनिटरचे स्वतःचे बटण, तिन्ही तपासावीत. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघावा. टेबल सरकवताना मॉनिटरमागची वायर अर्धवट सुटते आणि दिसायला मात्र जागेवरच दिसते! ती काढून पुन्हा दाबून बसवावी. शेजारच्या चालू मॉनिटरची तशीच वायर लावून पाहिली तर शंकाच उरत नाही. मात्र मॉनिटरला वेगळा ॲडॉप्टर असेल, तर हाताला लागेल तो दुसरा जोडू नये. व्होल्ट वेगळे असले तर चांगला मॉनिटर खरोखरच जायचा.

दिवा लागतो पण चित्र नाही, हा प्रकार अधिक मजेदार. मॉनिटर चित्र तयार करीत नाही. संगणक पाठवील तेच तो दाखवतो. तेव्हा दोष कोणाचा, याचा निवाडा हवा. चित्राची केबल संगणकाच्या बाजूने सोडवावी आणि मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करावा. ‘नो सिग्नल’ किंवा तशा अर्थाची अक्षरे उमटली, तर ती मॉनिटरची स्वतःची असतात. म्हणजे पडदा ठीक, त्यामागचा प्रकाशही ठीक; मॉनिटर बहुतांशी निर्दोष! आता केबल पाहावी. व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी एखादी वाकलेली असू शकते. केबल एचडीएमआयची आणि मॉनिटरच्या मेनूत निवड व्हीजीएची, असेही घडते. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्यालाच जोडावी. शेवटी कीबोर्डवरची ‘कॅप्स लॉक’ कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे. नसेल, आणि डब्यातून बीप-बीप आवाज येत असतील, तर रोग डब्यातच आहे. बऱ्याचदा रॅमची पट्टी सैल झालेली असते.

एक परीक्षा मला फार आवडते. एलसीडी पडद्यातील स्फटिकांना स्वतःचा उजेड नसतो. तो मागच्या दिव्यांकडून येतो. केबल जोडून संगणक चालू ठेवावा, खोलीत अंधार करावा आणि काळ्या पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. अंधूक चित्र दिसले तर चित्र पोहोचले आहे, मागचा प्रकाशच गेला आहे.

यापुढे मात्र आपण थांबावे. मागचे झाकण उघडू नये. ज्या मॉनिटरचा वीजपुरवठा आतच असतो, त्यात २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहू शकतात. फुगलेला कपॅसिटर बदलणे तंत्रज्ञाला स्वस्तातले काम. पडदाच बदलायचा तर तो नव्या मॉनिटरच्या किमतीच्या घरात जातो. म्हणून त्याला ‘चालत नाही’ एवढेच न सांगता दिवा लागतो की नाही, कोणती अक्षरे उमटली, टॉर्चखाली काय दिसले, ते सारे सांगावे. आणि ‘बंद’च्या चिठ्ठीवरही तेच लिहावे.